बिळातली भागीदारी आणि छोटी खारी टाकी

पिस्तूल कोळंबी आणि गोबी मासा यांची जोडी आज काही हौशी मंडळी जेमतेम तीस-चाळीस लिटरच्या टाकीत सांभाळतात. हा छंद रुजण्याआधी दोन गोष्टी घडाव्या लागल्या: या जोडीचे वागणे समुद्रतळाशी जाऊन निरखता येऊ लागले, आणि खाऱ्या पाण्याची टाकी मोठीच हवी हा समज ढिला पडला.

कोळंबीची ओळख आधी कानांना झाली. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या अमेरिकी संशोधकांना उथळ, उबदार समुद्रात अखंड तडतड ऐकू येई. ती या कोळंब्यांची असल्याचे सांगणारा सविस्तर निबंध १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. हा आवाज नांगीच्या दोन बोटांच्या टकरीचा नसतो, हे मात्र नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठातील डेटलेफ लोझे यांच्या गटाने २००० मध्ये दाखवले. नांगी झटक्यात मिटताना सुटलेल्या पाण्याच्या झोतामुळे बुडबुडा तयार होतो आणि तो कोसळताना हा बार उडतो.

भागीदारीचा अभ्यास वेगळ्या वाटेने पुढे गेला. तांबड्या समुद्रातील या जोड्यांचे वर्णन वोल्फगांग लुथर यांनी १९५८ मध्ये केले आणि सत्तरच्या दशकापासून इलान कार्प्लस यांनी दोघांमधील स्पर्शाचे संकेत बारकाईने तपासले. बीळ खणते आणि डागडुजी करते ती कोळंबी, पण तिची नजर अधू असते. नांग्यांनी वाळूचा ढीग पुढे लोटत ती बिळाबाहेर येते, तेव्हा तिची एक लांब मिशी दारात बसलेल्या गोबीच्या अंगावर टेकलेली असते. गोबीने शेपटी थरथरवली की ती थबकते. मासाच आत शिरला, तर तीही झटकन आत पळते. (आपल्या खाड्यांतल्या निवट्या याच गोबींच्या नातलग.)

टाकीच्या इतिहासात जाकार्ताचे ली चिन एंग यांचे नाव घ्यावेच लागते. जिवंत खडक (सूक्ष्मजीवांनी भरलेला, पाणी स्वच्छ ठेवणारा प्रवाळाचा खडक) आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर समुद्री टाकी चालते, हे त्यांनी १९६१ मध्ये लिहिले. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी त्याला प्रोटीन स्किमरची, म्हणजे फेसावाटे पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची, जोड दिली आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून छोट्या टाक्या लोकप्रिय होऊ लागल्या. मोकळ्या पाण्यात पोहणाऱ्या माशांना अशी टाकी म्हणजे कोंडवाडाच, पण बिळाच्या तोंडाशी दिवस काढणारी ही जोडी तिथे सामावते. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची रँडल कोळंबी १९८० मध्ये, तर तिच्या शेजारी शोभणारा याशा गोबी २००१ मध्ये शास्त्रीय नावानिशी नोंदला गेला. दोघेही लहानखुरे, म्हणून या टाक्यांसाठी त्यांना विशेष मागणी असते.

बिळामुळे टाकीच्या मांडणीचा क्रमही बदलला. खडक वाळूवर रचला, तर खालची वाळू कोळंबी उपसते आणि खडक कलंडतो. म्हणून तो आधी थेट तळावर बसवून मग वाळू भरतात. बिळाच्या छताला आधार मिळावा म्हणून वाळूत शंख-शिंपल्यांचा चुरा मिसळतात. गोबी बिथरला की पाण्याबाहेर उडी मारतो, त्यामुळे जाळीचे झाकण गरजेचेच.

भारतात आणखी एक बंधन आहे. कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने प्रवाळाचा खडक किनाऱ्यावरून उचलणे हा गुन्हा ठरतो. इथल्या जाणकारांनी म्हणूनच भाजलेल्या मातीचे कृत्रिम खडक वापरावेत. कोळंबीला वाळू उपसायला तेवढा आडोसा पुरतो.