कुत्र्याचं घर घरीच बांधताय? आधी आमच्या मोतीची गोष्ट वाचा
(वखारीत येणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

महिन्यात दोन-तीन ग्राहक तरी मोबाईलवर एक फोटो दाखवतात. लाल उतरतं छप्पर, कमानीचं छोटं दार, वर कुत्र्याच्या नावाची पाटी. "भाऊ, असंच बांधायचंय, प्लाय कापून द्या." प्लाय आम्ही देतोच, आमचा धंदाच तो आहे. पण कापायच्या आधी आम्ही हा कागद हातात ठेवतो.

आमच्या वखारीत मोती नावाचा गावठी कुत्रा आहे. त्याच्यासाठी आम्हीही फोटोतल्यासारखंच घर बांधलं होतं. चारी बाजूंनी बंद, वर पत्रा, आत मऊ गोधडी. मोती त्यात एक दुपारही बसला नाही. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास दुपारी दीडला आत हात घालून पाहिला, तर चुलीवरच्या तव्यावर धरल्यासारखा भपकारा लागला. आमचे मिस्त्री आबा म्हणाले, "तो मझार कसा जाई? भट्टी शे ती." (तो आत कसा जाईल? भट्टी आहे ती.)

मोती झोपायचा कुठे, तर फळ्यांच्या थप्पीखाली. वखारीत ओल्या फळ्या एकावर एक थेट रचत नाहीत. खाली ओंडके टाकून थप्पी जमिनीपासून फूटभर उचलतात आणि दोन थरांत रिपा (लाकडाच्या बारीक पट्ट्या) घालतात, म्हणजे वारा खेळतो आणि फळी वाकडी न होता वाळते. वर जाड सावली, खाली कोरडी जमीन, मधून वारा. कुत्र्याने जागा बरोबर निवडली होती. पुढे सांगितलेलं घर म्हणजे त्या थप्पीचीच नक्कल आहे.

फोटोतली घरं बर्फ पडणाऱ्या मुलखातली असतात. तिथे घर लहान आणि बंद ठेवतात, म्हणजे कुत्र्याच्या अंगच्या उबेनेच ते गरम राहतं. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा तीच ऊब जिवावर उठते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, येतो तो फक्त पंजांच्या गादीला. बाकी सगळं काम धापा टाकण्यावर. जिभेवरची ओल हवेत उडते आणि अंग थंड होतं. बंद खोक्यात तीच हवा गरम आणि दमट झाली की धापा टाकूनही उपयोग होत नाही. निरोगी कुत्र्याचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ते ४१ च्या वर गेलं तर डॉक्टरकडे धावावं लागतं.

जागा आणि पाया

निंबाखाली जागा असेल तर दुसरीकडे बघूच नका. गच्चीवर मात्र घर ठेवू नका. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दहा-अकरापर्यंत ती धग सोडत राहतो. गच्चीसाठी माप घेऊन आलेल्या ग्राहकाला आम्ही सरळ नाही म्हणतो, मग तो दुसऱ्या दुकानातून प्लाय घेईना का.

दार पूर्वेला करा. पावसाचा मारा आपल्याकडे नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, उन्हाळ्यातलं दुपारचं ऊनही पश्चिमेचंच. सकाळचं कोवळं ऊन मात्र आत आलेलं बरं, त्याने अंथरूण वाळतं.

काळ्या मातीत थेट विटा ठेवू नका. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. श्रावण येईपर्यंत घराचा एक कोपरा खचलेला असतो. चारी कोपऱ्यांना फूटभर खणा, मुरूम भरून चोपा, त्यावर दोन विटांचा थर द्या. जमिनीपासून साधारण सहा इंच उंची मिळते. वीट आणि लाकूड यांच्यात सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घाला, ओल वर चढत नाही. खालची पोकळी मोकळी ठेवा, झाडू फिरला पाहिजे. तिथे अडगळ कोंबली की विंचू आणि घोणस यांची सोय होते. वाळवी विटांवरून मातीच्या नळ्या करत वर येते, तेव्हा आठवड्यातून एकदा वाकून बघा आणि नळी दिसली की मोडा.

माप

चार मापं घेऊन या: नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी, उभ्या कुत्र्याची डोक्यापर्यंत उंची, खांद्यापर्यंत उंची आणि छातीची रुंदी. लांबी आणि डोक्यापर्यंतची उंची यांची सव्वापट धरली की घराचं माप निघतं. दाराची उंची खांद्याच्या पाऊणपटीपेक्षा कमी नको. पिल्लू असेल तर त्याच जातीच्या वाढलेल्या कुत्र्याचं माप घ्या. सहा महिन्यांनी दुसरं घर बांधायला कोणाला हौस नसते.

एक हिशेब करून दाखवतो. लांबी ३२ इंच, डोक्यापर्यंत २८, खांद्यापर्यंत २१, असा मध्यम अंगाचा कुत्रा घेऊ. घर ४० इंच लांब, ३० इंच खोल, पुढून ३५ आणि मागून ३० इंच उंच. दार १८ बाय १४. हे सगळं ८ बाय ४ फुटांच्या दोन शीटमध्ये बसतं. पहिल्या शीटमध्ये पुढची भिंत ३५ इंचांची, तळ ३० चा, मागची भिंत ३० ची, बेरीज ९५. शीट ९६ ची, उरलेला एक इंच करवतीच्या पात्याला. दुसऱ्या शीटमध्ये आतलं छप्पर (छपरं दोन आहेत, पुढे सांगतो) ४८ बाय ३५ आणि बाजूच्या दोन भिंती ३०-३० च्या, पुन्हा ९५.

एक चूक नेहमी होते. बाजूच्या भिंती पुढच्या-मागच्या भिंतींच्या मध्ये बसतात. प्लाय १२ एमएमचा, म्हणजे सुताराच्या भाषेत जवळजवळ चार सूत (अर्धा इंच). दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच जातो. म्हणून तळ ४० नाही, ३९ इंच कापायचा. हे विसरून कापलेला तळ घेऊन आमच्याकडे परत येणारे बरेच आहेत. तेवढा इंच आम्ही फुकट कापून देतो.

छप्पर

आपण २१ अंश अक्षांशाच्या आसपास राहतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि माणसाची सावली त्याच्या पायाखाली जाते. त्या वेळी भिंतीला ऊन जवळपास लागत नाही, सगळं छपरावर. म्हणून पैसे वाचवायचे तर भिंतीत वाचवा, छपरात नको.

आपल्या जुन्या धाब्याच्या घरांत दुपारी झोप का लागायची? वर कड्या (लाकडी तुळया), त्यावर जाड मातीचा थर, ऊन खाली पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. कुत्र्याच्या घरावर माती घालता येत नाही, पण दोन छपरं घालता येतात. आतलं प्लायचं. त्यावर उताराच्या दिशेने दोन इंची रिपा ठोका आणि रिपांवर पत्रा, आतल्या छपरापेक्षा चारी बाजूंनी सहा इंच पुढे आलेला. दोन्ही छपरांमधली जागा पुढून-मागून उघडी ठेवा. तापलेली हवा उताराने वर सरकते आणि पुढून निघून जाते. थप्पीतल्या रिपांचं काम इथेही तेच. पत्र्याला वरून पांढरा रंग किंवा चुना द्या आणि कड दुमडून घ्या, नाहीतर लहान मुलांच्या कपाळाला लागेल.

पत्र्यावर तुराट्यांचा ताटवा बांधलात तर उत्तमच. पऱ्हाट्या (कपाशीच्या काड्या) मात्र नको. त्यात गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात शेजारच्याच कपाशीवर जाते. थर्माकोल घालायचाच असेल तर दोन प्लायच्या मध्ये पूर्ण बंद करून घाला. उघडा दिसला की कुत्रा कुरतडतो आणि तो आतड्यात अडकतो.

छप्पर खिळे ठोकून कायमचं बसवू नका. चारी बाजूंना कोयंडे लावा. दोन माणसांनी उचलून बाजूला ठेवता आलं, तरच घर आतून नीट साफ होतं.

मागची खिडकी

मागच्या भिंतीचा वरचा १२ इंचांचा भाग वेगळा कापा आणि वरून बिजागरीवर टांगा, पानटपरीच्या झडपेसारखा. उन्हाळ्यात झडप बाहेर उचलून टेकू द्यायचा, तिचीच पश्चिमेला सावली पडते. उघड्या जागेत ओलं गोणपाट सोडा. एप्रिल-मेमध्ये आपली हवा इतकी कोरडी असते की पश्चिमेचा वारा गोणपाटातून येताना चांगलाच थंड होतो, कूलरची जाळी करते तेच. पूर्वेचं दार मात्र उघडं हवं. हवा बाहेर गेली नाही तर आत दमटपणा साचतो. पावसाळ्यात झडप बंद. थंडीतही बंदच. धुळ्याकडे पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा दारालाही गोणपाटाचा पडदा लावा आणि आत कडबा पसरा.

लाकूड कोणतं

प्लाय घ्यायचा तर आयएस ७१० (भारतीय मानक) चा शिक्का असलेला मरीन. साधा कमर्शिअल प्लाय स्वस्त पडतो, पण दोन पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे सुटतात, मग आमच्याच नावाने खडे फोडले जातात. कोणताही प्लाय घेतला तरी पाणी कडेतून शिरतं. कडांना प्रायमरचे दोन हात जास्त द्या.

सांगाड्याला जुना साग सर्वात चांगला. पडलेल्या घरांच्या कड्या आमच्याकडे येत असतात. पन्नास-साठ वर्षं वाळलेलं लाकूड, ते आता कुठे वाकणार! फक्त करवतीखाली घालण्याआधी लोहचुंबक फिरवून घ्या. जुन्या कडीत मोडलेला खिळा हमखास असतो. मागच्या वर्षी आमचं एक नवं पातं अशाच खिळ्यावर दात गमावून बसलं. बाभूळ मजबूत, पण खिळ्याने तडकते. पॅकिंगच्या पेट्यांचा पाइन हलका आणि स्वस्त, मात्र वाळवीला आवडता. स्वतःच्या शेतातला साग तोडून आणायचा विचार असेल तर आधी परवानगी काढा. साग आपल्या बांधावरचा असला तरी तो बिनपरवाना तोडता येत नाही.

खिळ्यांऐवजी स्क्रू वापरा, दीड इंची, गॅल्व्हनाइज्ड. आधी बारीक ड्रिलने भोक पाडा. ऊन-पावसाने लाकूड हलतं आणि खिळा हळूहळू डोकं वर काढतो. ते कुत्र्याच्या अंगाला लागल्यावरच कळतं. दाराच्या चौकटीची कड रंध्याने गोल करा, मग ८० आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर. दाराचा उंबरा तीन इंच ठेवा, अंथरूण बाहेर येत नाही.

रंग, तेल आणि काय लावू नये

आतून रंग नको. कुत्रा चाटतो, कुरतडतो. बाहेरून लावायच्या रंगाच्या डब्यावर शिशाचं प्रमाण पाहा. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत ते ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त असता कामा नये. माळ्यावर पडलेला जुना डबा मात्र त्याआधीचा असू शकतो, तो या कामाला काढू नका. तेल लावायचं तर कच्चं जवसाचं. 'डबल बॉइल्ड' लिहिलेल्यात वाळण्यासाठी धातूचे क्षार घातलेले असतात.

तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, चिंध्यांच्या ढिगात ती कोंडते आणि आपोआप पेट घेते. आमच्या आवारात एकदा भुशाच्या पोत्याजवळून धूर निघाला होता, वेळीच दिसला म्हणून वाचलो. चिंध्या एकेक करून दोरीवर वाळत घाला, नाहीतर पाण्यात बुडवून टाका.

जळकं ऑइल आणि डांबर वाळवीसाठी कुंपणाच्या खांबाला ठीक, कुत्र्याच्या घराला नाही. डांबरगोळ्याही आत ठेवू नका, त्या कुत्र्याला विषारी असतात.

गोचीड

गोचीड फटीत अंडी घालते. म्हणून प्लायच्या सांध्यांत भुसा आणि फेविकॉल कालवून फटी बुजवा. दर पंधरा दिवसांनी छप्पर उचलून आतला तळ कोपऱ्यांसकट घासा आणि दिवसभर उन्हात उघडा ठेवा. अंथरूण उकळत्या पाण्यातून काढा. फवारणी कोणती, किती, हे पशुवैद्यकाला विचारा. शेतातलं औषध अंदाजाने मारू नका.

बांधून झाल्यावर

कुत्र्याला आत ढकलू नका. घरातल्या कोणाचा तरी जुना, न धुतलेला शर्ट आत टाका, शेजारी मातीच्या कुंडीत पाणी ठेवा आणि चार-पाच दिवस त्याच्याकडे लक्षच देऊ नका. सावलीत थोडी मोकळी माती असू द्या. भर उन्हाळ्यात कुत्रा खड्डा उकरून गार मातीत पोट टेकवतो. ते कोणत्याही घरापेक्षा त्याला जास्त आवडतं, म्हणून अंगणात सगळीकडे फरशी घालू नका. घर आहे म्हणून दिवसभर आखूड साखळीने बांधूनही ठेवू नका. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याच्या कलम ११ खाली तो गुन्हा आहे.

भाव इथे लिहीत नाही. आज लिहिला तर महिन्याने खोटा ठरतो. चार मापं कागदावर लिहून आणलीत तर दोन्ही शीट त्याच दिवशी कापून मिळतील, त्याची मजुरी वेगळी. कुत्रा सोबत आणलात तर फाटकाबाहेरूनच हाक मारा. मोतीला आधी बांधावं लागतं, थप्पीखालची जागा तो कोणाला देत नाही.