ल पाक्त दे लू

'ल पाक्त दे लू' (इंग्रजी नाव 'ब्रदरहुड ऑफ द वुल्फ') हा क्रिस्तोफ गाँस यांनी दिग्दर्शित केलेला फ्रेंच चित्रपट २००१ मध्ये प्रदर्शित झाला. पोशाखी इतिहासपट, भयकथा, मारधाड आणि राजकीय कारस्थान अशी त्याची सरमिसळ आहे.

कथानकामागे खऱ्या घटना आहेत. १७६४ ते १७६७ या काळात दक्षिण फ्रान्समधील झेव्होदाँ या डोंगराळ मुलखात (आजचा मुख्यतः लोझेर विभाग) एका श्वापदाने दहशत माजवली. बळींत गुरे राखणारी मुले आणि बायकाच अधिक. एकूण आकडा शंभराच्या आसपास मानला जातो. घोडदळ आले, नॉर्मंडीहून लांडग्यांचे नामांकित शिकारी आले. काही उपयोग झाला नाही. मग राजा पंधराव्या लुईने आपल्या बंदुका सांभाळणारा अधिकारी फ्राँस्वा आंत्वान याला पाठवले. सप्टेंबर १७६५ मध्ये त्याने एक थोराड लांडगा मारला. पेंढा भरलेले ते धूड व्हर्सायला पोचले आणि दरबाराच्या लेखी प्रकरण मिटले. डिसेंबरात माणसे पुन्हा मरू लागली, पण आता तिकडे लक्ष कोण देणार? १९ जून १७६७ रोजी जाँ शास्तेल या स्थानिक शिकाऱ्याने आणखी एक जनावर टिपले, तेव्हा कुठे हल्ले थांबले.

चित्रपटाची मेख या दरबारी सोयीतच आहे. राजाने धाडलेला निसर्गअभ्यासक फ्रॉन्साक (सॅम्युएल ल बियाँ) याला साध्या लांडग्याचे 'श्वापद' बनवून द्यायला लावले जाते. खरे जनावर आफ्रिकेतून आणलेले, काटेरी चिलखत चढवलेले असते आणि त्याचा लगाम धर्मांध सरदार-पाद्र्यांच्या गुप्त मंडळाच्या हाती असतो. लोकांना घाबरवून राजसत्ता खिळखिळी करायची, हा त्यांचा डाव. इतिहासात याला आधार नाही. आंत्वानच्या लांडग्यानंतर उरलेली शंका मात्र पटकथेने नेमकी हेरली आहे.

फ्रॉन्साकचा इरोक्वा (उत्तर अमेरिकेतील एक आदिवासी समाज) सोबती मानी (मार्क डकॅस्कोस) अठराव्या शतकात हाँगकाँगच्या मारधाडपटांच्या पद्धतीने लढतो. हे तर्कात बसत नाही, पण पावसातली सुरुवातीची मारामारी पाहताना तक्रार सुचत नाही. त्यामानाने उत्तरार्ध लांबला आहे आणि श्वापद जितके जास्त दिसते तितका त्याचा धाक ओसरतो. व्हँसाँ कॅसेल आणि मोनिका बेलुची यांच्याही महत्त्वाच्या भूमिका आहेत. वेशभूषेसाठी दोमिनिक बोर्ग यांना सेझार हा फ्रान्सचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला.