थ्रो इन वन्स लॉट विथ

एखाद्या व्यक्तीशी, गटाशी किंवा पक्षाशी स्वतःला पूर्णपणे जोडून घेणे आणि पुढे जे बरेवाईट घडेल त्याचा वाटेकरी होण्याचे पत्करणे, या अर्थाचा इंग्रजी वाक्प्रचार. ‘कास्ट इन वन्स लॉट विथ’ हे त्याचे जुने रूप असून ते आता मुख्यतः ग्रांथिक भाषेत आढळते.

यातील ‘लॉट’ म्हणजे मुळात सोडतीची खूण, अर्थात निर्णय दैवावर सोपवण्यासाठी वापरला जाणारा लाकडाचा तुकडा, खडा किंवा तत्सम वस्तू. हा शब्द जर्मानिक, म्हणजे इंग्रजी, जर्मन इत्यादी भाषांच्या कुळातील, मूळाचा असून जुन्या इंग्रजीत तो ‘ह्लॉट’ असा होता. इ. स. ९८ च्या सुमारास लिहिलेल्या ‘जर्मानिया’ या ग्रंथात रोमन इतिहासकार टॅसिटसने जर्मानिक जमातींची सोडतीची रीत वर्णिली आहे : फळझाडाची फांदी तोडून तिचे तुकडे करीत, त्यांवर खुणा करून ते पांढऱ्या वस्त्रावर विखुरत आणि प्रार्थना करून त्यांतले तीन उचलत. सोडतीची वस्तू, सोडतीत मिळालेला वाटा, नशिबाचा वाटा म्हणजे दैवगती, असा या शब्दाचा अर्थविस्तार झाला. ‘लॉटरी’ आणि जमिनीचा ‘लॉट’ हे शब्दही याच कुळातले.

वाक्प्रचाराचा उगम सामान्यतः बायबलच्या जुन्या करारातील नीतिसूत्रे, अध्याय १, वचन १४ येथे मानला जातो. तेथे हे शब्द वाटमाऱ्यांच्या तोंडी आहेत. एका तरुणाला आपल्या टोळीत ओढताना ते त्याला ‘तुझी खूण आमच्यात टाक’ असे सांगतात आणि सर्वांची थैली एकच राहील असे आश्वासन देतात. व्हल्गेट या लॅटिन भाषांतरात ‘आमच्यासह सोडत टाक’ एवढेच आहे, आणि चौदाव्या शतकातील इंग्रज धर्मसुधारक विक्लिफ याच्या प्रेरणेने झालेले इंग्रजी भाषांतर त्याचेच अनुसरण करते. ‘तुझी’ आणि ‘आत’ हे दोन्ही शब्द असलेली रचना १५६० च्या जिनीव्हा बायबलमध्ये दिसते. १६११ च्या किंग जेम्स बायबलने ती कायम ठेवली व तिच्या व्यापक वाचनामुळे ती बोलीत मुरली असावी.

मूळ वचनाच्या अर्थाबद्दल मतभेद आहेत. एका मतानुसार येथे प्रत्यक्ष सोडतच अभिप्रेत आहे : लुटीच्या वाटणीत नवख्यालाही जुन्यांइतकीच संधी मिळेल, असे ते आमिष आहे. दुसऱ्या मतानुसार ‘लॉट’ म्हणजे येथे वाटा किंवा दैव, आणि ते टाकणे म्हणजे टोळीच्या भवितव्याशी आपले भवितव्य एक करणे. ‘गोराल’ या हिब्रू शब्दाला सोडतीची खूण, वतनाचा वाटा व दैव हे तिन्ही अर्थ असल्यामुळे केवळ त्या शब्दावरून निर्णय होत नाही. वचनाच्या उत्तरार्धातील ‘एकच थैली’ दुसऱ्या मताला जवळची आहे. तथापि येथे योजलेले ‘पाडणे’ या अर्थाचे क्रियापद हिब्रूत चिठ्ठ्या टाकण्यासाठी नेहमी वापरले जाते, ही बाब पहिल्या मताचे पारडे जड करते. ‘न्यू इंटरनॅशनल व्हर्जन’ या आधुनिक भाषांतरात हा मतभेद स्पष्ट उमटला आहे. त्याच्या १९८४ च्या आवृत्तीत या जागी प्रस्तुत वाक्प्रचारच होता, २०११ च्या आवृत्तीत ‘आमच्याबरोबर चिठ्ठ्या टाक, लूट आपण सगळे वाटून घेऊ’ या आशयाचे शब्द आले.

‘तुझी खूण’ या कल्पनेवर होमरच्या ‘इलियड’ या प्राचीन ग्रीक महाकाव्याच्या सातव्या सर्गातील प्रसंग चांगला प्रकाश टाकतो. ट्रॉयचा वीर हेक्टर याच्याशी द्वंद्वयुद्ध करण्यास नऊ ग्रीक वीर पुढे येतात, प्रत्येक जण आपल्या खड्यावर स्वतःची खूण करून तो ग्रीक सेनापती अॅगमेम्नॉनच्या शिरस्त्राणात टाकतो. नेस्टर ते हलवतो, एक खडा बाहेर उडतो आणि त्यावरील खूण अजॅक्स ओळखतो. ज्याने खडा आत टाकला त्याला निकाल मान्य करणे भाग होते. माघार न घेण्याची हीच छटा आजच्या वाक्प्रचारातही टिकून आहे, आणि म्हणून प्रासंगिक मदतीसाठी किंवा तात्पुरत्या सहकार्यासाठी त्याचा वापर सैल ठरतो.

मूळ संदर्भातील दुष्टपणाची छटा मात्र लोपली आहे. राजकीय पक्षांतर, बंडात सामील होणे, नव्या उद्योगात भागीदारी पत्करणे अशा प्रसंगी हा वाक्प्रचार निंदा वा स्तुती न सुचवता योजला जातो. ज्याच्याशी जोडून घ्यायचे त्याचा निर्देश ‘विथ’ने होतो. ‘इन’ नसलेला ‘कास्ट लॉट्स’ हा प्रयोग केवळ सोडत काढण्यापुरता असून त्यात सहभागाचा अर्थ नाही.