क्रूझरचा पुढचा चिमटा खाली का आला?

क्रूझर, म्हणजे ठेंगण्या सीटच्या निवांत बैठकीच्या मोटरसायकलचं पुढचं सस्पेन्शन इंच-दीड इंच खाली घेणं हा दिखाऊपणा, असं सरसकट समजलं जातं. इतिहास पाहिला तर दोष बहुतेक वेळा मागच्या चाकाकडे जातो. आधी मागची बाजू खाली आली. तिने बिघडवलेली भूमिती सावरायला पुढचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, तिच्या मागोमाग गेला.

गोष्ट सुरू होते ती टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या फोर्कपासून. हायड्रॉलिक डँपिंगचा, म्हणजे तेलाने उसळी आवरणारा असा फोर्क बीएमडब्ल्यूने 1935 मध्ये आर12 वर आणला. हार्ले-डेव्हिडसनने मात्र आपल्या मोठ्या व्ही-ट्विन (दोन सिलिंडर इंग्रजी V सारखे मांडलेल्या) गाड्यांवर उघड्या स्प्रिंगांचा 'स्प्रिंगर' फोर्क 1948 पर्यंत चालवला आणि 1949 मध्ये टेलिस्कोपिक फोर्कची हायड्रा-ग्लाइड काढली. गंमत म्हणजे त्या गाडीला मागे सस्पेन्शनच नव्हतं. ते आलं 1958 च्या ड्युओ-ग्लाइडवर. तोवर उंची कमी-जास्त करायची म्हटली तर खेळायला पुढचाच भाग हाती होता.

साठच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या चॉपरवाल्यांनी, म्हणजे गाड्या कापून नव्याने घडवणाऱ्यांनी, तो उलट्या दिशेने खेचला. फोर्क लांब करायचा, फ्रेमची मान कापून कोन वाढवायचा. त्या गाड्या सरळ रस्त्यावर झोकात जात, पण हळू वळताना पुढचं चाक लोळायला बघे. पुढे त्याच कॅलिफोर्नियात आर्लन नेससारख्या कारागिरांनी लांब पण जमिनीलगत बसलेल्या 'डिगर' गाड्या घडवल्या, आणि शोभेची दिशा पुन्हा खाली वळली. तिकडे ड्रॅग रेसिंगवाले केव्हापासून पुढचा फोर्क पट्ट्याने दाबून बांधत होते. वजन खाली राहिलं की सुटताना पुढचं चाक सहज उचलत नाही. त्यांच्यासाठी तो दिखावा नव्हता.

हार्लेच्या कारखान्यानेही वारं ओळखलं. तिथले डिझायनर विली जी. डेव्हिडसन यांच्या आखणीची लो रायडर 1977 मध्ये आली, सीट जमिनीपासून सुमारे 27 इंचांवर. मग आखूड सस्पेन्शनची स्पोर्टस्टर हगर आली. बेतशीर उंचीच्या चालकांचे पाय टेकावेत ही तिच्यामागची रास्त गरज होती, आणि असंख्य स्त्रियांना तिचा उपयोग झाला. पण सवय अशी लागली की 2009 च्या आयर्न 883 ला मागे जेमतेम 41 मिलिमीटर ट्रॅव्हल, म्हणजे चाकाला वर-खाली हलायची जागा, उरला होता. इतक्यात खड्डा कसला गिळणार? पाठीच्या कण्यालाच तो सोसावा लागतो.

मागचे शॉक आखूड केले की गाडी मागे बसते, स्टिअरिंगचा कोन आडवा होतो, ट्रेल (स्टिअरिंगची रेषा जमिनीला जिथे भिडते तिथून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर) वाढतो. हँडल जड पडतं. क्रूझरचा व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर, साधारण 1600 मिलिमीटर धरला, तर एका बाजूला 25 मिलिमीटरचा फरक म्हणजे कोनात जवळजवळ एक अंश. म्हणून पुढेही तेवढंच खाली यायला हवं, हा खरा मुद्दा.

सर्वांत सोपी वाट म्हणजे टी-प्लेट (फोर्कच्या नळ्या धरून ठेवणाऱ्या वरच्या-खालच्या पट्ट्या) ढिल्या करून फोर्कच्या नळ्या वर सरकवणं. पण अनेक क्रूझरांत नळीचं टोक वरच्या प्लेटखालीच अडकलेलं असतं, सरकायला जागाच नाही. म्हणून आतलं काम रूढ झालं: फोर्कमधल्या डँपर रॉडच्या डोक्याखाली, फोर्क उघडताना धक्का झेलणाऱ्या छोट्या रिबाउंड स्प्रिंगजवळ स्पेसर (जागा भरणारा तुकडा) घालायचा, म्हणजे फोर्क पूर्ण उघडतच नाही, आणि मुख्य स्प्रिंग त्या मापाने बदलायची. यात ट्रॅव्हल खरोखर घटतो. नुसती स्प्रिंग कापून टाकणारे गॅरेजवाले असतात. त्यांच्या कापलेल्या स्प्रिंगने फोर्क तळाला आदळतो. जरा कडक स्प्रिंग आणि त्याला साजेसं तेल नसेल तर हे काम करूच नये.

भारतात हार्ले 2010 पासून रीतसर विकली जाऊ लागली, पण इथल्या क्रूझरप्रेमाची मुळं पुण्याच्या बजाजमध्येही आहेत. 2001 ची कावासाकी बजाज एलिमिनेटर, मग 2005 ची अ‍ॅव्हेंजर. पुढे अ‍ॅव्हेंजर 220 ची सीट 737 मिलिमीटरवर आली, ती फ्रेमच्या ठेवणीने आणि मागच्या 15 इंची चाकाने. ग्राउंड क्लिअरन्स 169 मिलिमीटर राखला. सस्पेन्शन न खुडता उंची कमी करण्याचा हा शहाणा मार्ग वाटतो.

रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मापाने गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो. गावोगावचे हातघडीचे गतिरोधक त्या मापाशी फारसे ओळख ठेवत नाहीत. म्हणून इथे गाडी खाली घेणाऱ्याने आधी सायलेन्सर आणि फ्रेमचा तळ मोजावा, मग साइड स्टँड तितकाच आखूड करून घ्यावा. नाहीतर उभी केलेली गाडी जवळपास सरळ राहते आणि एका धक्क्याने पलीकडच्या बाजूला आडवी होते. हेडलाइटचा रोखही तपासायचा राहतो, कारण पुढची बाजू एकटीच खाली आली तर झोत रस्त्याजवळ पडतो.