४३५ डॉलरचा हातोडा आणि कबुलीचा नियम

लष्करी पुरवठ्यातल्या लबाडीवर अमेरिकेने पहिला कडक कायदा केला तो यादवी युद्धाच्या धामधुमीत, १८६३ साली. सरकारला खोटं बिल लावणाऱ्यावर कोणाही नागरिकाने दावा लावावा आणि वसुलीत वाटा घ्यावा, अशी त्यात सोय होती.

पण आजच्या नियमांची खरी सुरुवात एका हातोड्यापासून झाली. १९८३ मध्ये नौदलाच्या खरेदीत साध्या हातोड्यासमोर ४३५ डॉलर लिहिलेले दिसले आणि देशभर संताप उसळला. हातोडा होता १५ डॉलरचा. उरलेले ४२० डॉलर म्हणजे अभियांत्रिकीचा वरखर्च. एकाच कंत्राटात अनेक सुटे भाग होते आणि हा खर्च प्रत्येक वस्तूवर सारखाच टाकला होता, म्हणून किचकट यंत्रभागावर जेवढा बोजा, तेवढाच हातोड्यावर. एकूण रकमेत त्याने फरक पडत नव्हता. पण ती एकच ओळ वाचणाऱ्याला हे कळणार कसं? आकडा बाहेर फुटल्यावर दिलेला खुलासा सारवासारवच वाटतो, मग तो कितीही खरा असो.

१९८५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी उद्योजक डेव्हिड पॅकार्ड यांच्या अध्यक्षतेखाली संरक्षण खरेदीवर आयोग नेमला. उद्योगाने स्वतःला शिस्त लावावी, असं त्याचं म्हणणं पडलं. १९८६ मध्ये मोठ्या कंत्राटदारांनी एकत्र येऊन लेखी आचारसंहिता, प्रशिक्षण, तक्रारदाराला संरक्षण आणि गैरप्रकार आपणहून कळवणं ही तत्त्वं मान्य केली. त्याच वर्षी १८६३ च्या कायद्यालाही धार आली: नुकसानीच्या तिप्पट वसुली, तक्रारदाराला १५ ते ३० टक्के.

दोनच वर्षांनी, जून १९८८ मध्ये, सल्लागारांमार्फत निविदांची गुप्त माहिती विकली जात असल्याचं एफबीआयच्या तपासातून उघड झालं. नौदलाचे माजी सहायक सचिव मेल्विन पेस्ली यांनी पुढे गुन्हा कबूल केला.

कळवणं ऐच्छिक होतं, हीच मेख होती. १२ डिसेंबर २००८ पासून ते सक्तीचं झालं. लाच, फसवणूक किंवा हितसंबंधांच्या गुन्ह्याचा विश्वासार्ह पुरावा हाती आला की कंत्राटदाराने महानिरीक्षकांना, म्हणजे खात्यातले गैरप्रकार तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांना, लेखी कळवायचं, प्रत कंत्राट अधिकाऱ्याला. अखेरचा हप्ता मिळाल्यावरही तीन वर्षं ही जबाबदारी सुटत नाही, आणि वरिष्ठांनी जाणूनबुजून दडवलं तर कंपनी काळ्या यादीत जाऊ शकते.

घोळ होतो तो ‘विश्वासार्ह’ या शब्दाशी. कुजबुज पुरत नाही, पण कोर्टात टिकेल एवढा पुरावाही लागत नाही. कंपनीचे वकील नेमकी त्याचीच वाट पाहत बसतात आणि तोवर तक्रारदार स्वतःच दावा लावून मोकळा होतो.