पाळी चुकली? आधी दिवस मोजा, मग तपासणी करा

आमच्या लॅबमध्ये येणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"दिवस राहिलेत की नाही, हे नक्की कसं कळेल?" आमच्या काउंटरवर हा प्रश्न रोज विचारला जातो आणि बहुतेक वेळा अगदी हळू आवाजात. विचारणाऱ्या एखादीला मूल हवं असतं, दुसरीला आत्ता नको असतं, तिसरीचं काहीच ठरलेलं नसतं. उत्तर मात्र तिघींनाही खरं मिळायला हवं, आणि वेळेत मिळायला हवं. म्हणून एरवी घाईत दोन वाक्यांत सांगतो ते इथे सविस्तर लिहीत आहोत.

इतक्या वर्षांत आम्ही एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे. उत्तर चुकतं तेव्हा दोष सहसा किटचा नसतो, तपासणीचा दिवस चुकलेला असतो.

शरीरात नेमकं काय होतं

बीजांड फलित झालं की लगेच शरीरभर बातमी पसरते, असं नाही. फलित बीजांड गर्भनलिकेतून हळूहळू गर्भाशयाकडे येतं आणि गर्भाशयाच्या अस्तरात रुजतं. बीजांड बाहेर पडल्यापासून रुजेपर्यंत साधारण 6 ते 12 दिवस जातात, बहुतेकींच्या बाबतीत 8 ते 10. रुजल्यावरच, पुढे वार तयार करणाऱ्या पेशी एचसीजी नावाचं हार्मोन रक्तात सोडू लागतात. रक्तातून ते लघवीत उतरतं. घरचं किट, लॅबमधली लघवीची तपासणी आणि रक्ताची तपासणी, तिन्ही या एकाच हार्मोनचा शोध घेतात. सुरुवातीच्या आठवड्यांत त्याचं प्रमाण दर दोन-तीन दिवसांनी जवळपास दुप्पट होत जातं.

आता हिशेब करून पाहा. पाळी 28 दिवसांनी येते आणि बीजांड 14 व्या दिवशी बाहेर पडलं, असं धरू. नऊ दिवसांनी गर्भ रुजला, म्हणजे पाळीचा 23 वा दिवस. 29 व्या दिवशी पाळी आली नाही म्हणून तुम्ही तपासणी केलीत, तर हार्मोन वाढायला सहा दिवस मिळालेले असतात. पट्टीवर रेघ दिसायला ते बहुधा पुरतात. पण त्या महिन्यात बीजांड पाच दिवस उशिरा, 19 व्या दिवशी बाहेर पडलं असेल तर? ताण, आजारपण, प्रवास, किंवा काहीही कारण नसतानाही असं होऊ शकतं. मग गर्भ रुजेल 28 व्या दिवशी आणि 29 व्या दिवसापर्यंत हार्मोनला मिळेल जेमतेम एक दिवस. बाई गरोदर आहे, किट चांगलं आहे, तपासणीही नीट केली आहे, तरी उत्तर "नाही" येणार.

म्हणून आमचं सांगणं असं: पाळी ज्या दिवशी यायला हवी होती तो दिवस उलटू द्या, मग तपासणी करा. "नाही" आलं आणि तरी पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करा. पाळी नेहमीच मागेपुढे होते, पीसीओएस (हार्मोनच्या बिघाडामुळे पाळी अनियमित होण्याचा त्रास) आहे, बाळ अंगावर पीत असल्याने पाळी अजून सुरूच झालेली नाही, किंवा गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच बंद केल्या आहेत, अशांना "पाळीचा दिवस" नेमका कोणता हेच सांगता येत नाही. त्यांनी गर्भनिरोधकाशिवाय शेवटचा संबंध आला त्या दिवसापासून 21 दिवस मोजावेत आणि तपासणी करावी. इमर्जन्सी गोळी घेतली असेल तरी हाच हिशेब धरा, कारण त्या गोळीने पाळी पुढेमागे होऊ शकते. बाळंतपणानंतर पहिली पाळी येण्याआधीही दिवस राहू शकतात, कारण बीजांड आधी बाहेर पडतं आणि पाळी त्यानंतर येते. हे अनेकींना माहीत नसतं.

घरचं किट: रेघ कशी उमटते

किट म्हणजे कागदासारखी एक पट्टी. लघवीचे थेंब एका टोकाला पडले की ओल पट्टीवरून सरकत जाते. वाटेत वाळवून ठेवलेले रंगीत कण असतात. बऱ्याच किटमध्ये हे सोन्याचे अतिसूक्ष्म कण असतात, इतके बारीक की ते लालसर दिसतात. त्या कणांना एचसीजी पकडणारी प्रथिनं चिकटवलेली असतात. लघवीत हार्मोन असेल तर ते कणांना चिकटून पुढे सरकतं आणि टी या रेघेवर बसवलेल्या दुसऱ्या प्रथिनांत अडकतं. कण तिथे साठले की गुलाबी रेघ दिसते. उरलेले कण पुढे सी या रेघेवर अडकतात. सी रेघ फक्त एवढंच सांगते की ओल नीट पुढे गेली आणि पट्टी काम करते आहे.

हे एकदा समजलं की बहुतेक शंका आपोआप सुटतात. सी रेघ आलीच नाही, तर टी वर काहीही दिसो, ती तपासणी धरायची नाही, नवीन किट घ्यायचं. आणि टी रेघ पुसट का होईना, पण वेळेत आली आणि तिला रंग असला, तर हार्मोन आहे असंच समजायचं. "पुसट आहे म्हणजे अर्धवट गरोदर" असं काही नसतं. बहुतेक वेळा दिवस कमी झालेले असतात, एवढाच त्याचा अर्थ. दोन दिवसांनी पुन्हा पाहा.

वेळेत, हा शब्द मात्र महत्त्वाचा. एकदा एक ताई सकाळी लॅब उघडायच्या आधीच दारात उभ्या होत्या. हातात टिश्यू पेपरमध्ये गुंडाळलेली पट्टी. रात्री पाहिली तेव्हा एकच रेघ होती, सकाळी उठून पाहतात तर दुसरी आलेली. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. ती रेघ नीट उजेडात धरून पाहिली, तर करडी होती, गुलाबीचा अंशही नव्हता. पट्टी वाळली की टी च्या जागी अशी फिकट खूण उमटू शकते. नव्या किटवर काहीच आलं नाही आणि रक्ताच्या तपासणीनेही गरोदर नसल्याचंच सांगितलं. म्हणून कागदावर लिहिलेल्या मिनिटांतच निकाल वाचा, बहुधा 3 ते 5 मिनिटं असतात. त्यानंतर पट्टी टाकून द्या. कचऱ्याच्या डब्यातून काढून पुन्हा पाहू नका.

सकाळी उठल्यावरची पहिली लघवी घ्या. रात्रभर साठलेली असल्याने त्यात हार्मोन जास्त असतं. दुपारी भरपूर पाणी पिऊन तपासणी केली तर लघवी पातळ होते आणि सुरुवातीच्या दिवसांत रेघ निसटू शकते. भांडं स्वच्छ आणि कोरडं हवं, साबणाचा अंश नको. किटची मुदत संपलेली नाही ना, हे पाकीट फोडण्याआधी पाहा, आणि पाकीट तपासणीच्या क्षणीच फोडा, कारण पट्टीला दमट हवा लागली की ती खराब होते. थेंब किती टाकायचे ते त्या-त्या किटच्या कागदावर असतं. बरीचशी किट 25 एमआययू (हार्मोन मोजण्याचं एकक) प्रति मिलिलिटर इतकं हार्मोन ओळखतात, काही त्याहून कमीही ओळखतात. रेघ रोज किती गडद होते आहे हे पाहत बसण्यात अर्थ नाही. तो रंग लघवी किती दाट आहे यावरही ठरतो, आणि त्यातून नाहक घोर लागतो.

उत्तर फसवं कधी असतं

"आहे" असं येऊनही गरोदरपण नसणं, हे क्वचित घडतं. वंध्यत्वाच्या उपचारात एचसीजीचं इंजेक्शन दिलं असेल तर दहा ते चौदा दिवस ते शरीरात राहू शकतं आणि किट तेच पकडतं. नुकताच गर्भपात किंवा बाळंतपण झालं असेल तरी काही आठवडे रेघ येत राहते. द्राक्षगर्भ (गर्भाऐवजी वारेच्या पेशींची होणारी विकृत वाढ) आणि काही विशिष्ट गाठींमध्येही हे हार्मोन असतं. साध्या वेदनाशामक गोळ्या, अँटिबायोटिक्स किंवा गर्भनिरोधक गोळ्या यांनी निकाल बदलत नाही.

कधी रेघ येते आणि चार-आठ दिवसांत पाळी सुरू होते. तपासणी खोटी नव्हती. गर्भ रुजला होता, पण टिकला नाही. असं पुष्कळ वेळा घडतं आणि बऱ्याचदा त्याचं कारण गुणसूत्रांतला दोष असतं. तुम्ही जिना चढलात, जड उचललंत, काळजी केलीत म्हणून ते झालेलं नाही. हे आम्ही मुद्दाम लिहितो आहोत, कारण अशा वेळी काउंटरवर बहुतेकजणी आधी स्वतःलाच दोष देतात.

उलट बाजूने, "नाही" येऊनही गरोदर असणं हे जास्त वेळा दिसतं, आणि त्याची कारणं वर आलीच: घाई आणि पातळ लघवी. एक वेगळं कारण उशिराच्या तपासणीत असतं. दोन-अडीच महिने उलटल्यावर हार्मोन इतकं वाढलेलं असतं की क्वचित पट्टीच गोंधळते आणि रेघ फिकी येते किंवा येतच नाही. पाळी खूप दिवस आली नसेल तर किटवर विसंबू नका.

रक्ताची तपासणी

हिला बीटा एचसीजी म्हणतात. ही लघवीच्या तपासणीपेक्षा काही दिवस आधी उत्तर देते आणि मुख्य म्हणजे आकडा देते. त्याच एककात साधारणपणे 5 पेक्षा कमी म्हणजे नाही, 25 पेक्षा जास्त म्हणजे आहे. मधला आकडा आला तर 48 तासांनी पुन्हा रक्त द्यावं लागतं. यासाठी उपाशीपोटी यायची गरज नाही.

एका आकड्यावरून "किती आठवडे झाले" हे ठरवू नका. त्याच आठवड्यात दोन निरोगी बायकांचे आकडे कितीतरी वेगळे असू शकतात. कामाची असते ती दोन तपासण्यांमधली वाढ. आकडा नीट वाढत नसेल, तर डॉक्टर पुढचा विचार करतात. दोन्ही वेळा एकाच लॅबमध्ये तपासणी केलेली बरी, कारण लॅबनुसार पद्धत बदलते आणि आकड्यात फरक पडतो. केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर आधी सांगा. मोठ्या मात्रेत घेतलेलं बायोटिन काही यंत्रांवर आकडा खोटाच कमी दाखवू शकतं.

सोनोग्राफी

हार्मोन आहे हे लघवी आणि रक्त सांगतं. गर्भ कुठे आहे, हे फक्त सोनोग्राफीच सांगते. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत साधारण पाचव्या आठवड्याच्या आसपास गर्भपिशवी दिसते आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास हृदयाचे ठोके. पोटावरून केली तर हे थोडं उशिरा दिसतं. हे आठवडे शेवटची पाळी सुरू झाली त्या दिवसापासून मोजतात. त्यामुळे पाळी चुकली त्या दिवशीच डॉक्टर "चार आठवडे" म्हणतात, तेव्हा दचकू नका. गर्भधारणा होऊन खरं तर दोनच आठवडे झालेले असतात.

यात मात्र थांबू नका

तपासणी "आहे" आली आहे, किंवा पाळी चुकली आहे, आणि ओटीपोटात एका बाजूला दुखतं आहे, रक्तस्राव होतो आहे, खांद्याच्या टोकाशी दुखतं आहे, चक्कर येते आहे, तर आमच्याकडे किंवा कुठल्याही लॅबमध्ये येऊन वेळ घालवू नका, थेट रुग्णालयात जा. गर्भ गर्भनलिकेतच रुजला असण्याची शक्यता असते. शंभरातल्या एक-दोन गरोदरपणांत असं होतं. नलिका फुटली तर आत रक्तस्राव होऊन जिवावर बेतू शकतं. लघवीची तपासणी इथेही "आहे" असंच म्हणते, ती जागा सांगू शकत नाही.

लक्षणं आणि घरगुती प्रयोग

मळमळ, छाती दुखरी होणं, सारखी लघवीला लागणं, थकवा, ही लक्षणं खरी असतात. पण पाळी येण्याआधीही यातली बरीच जाणवतात, कारण दोन्ही वेळा प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढलेलं असतं. एखादीला यातलं काहीच होत नाही आणि ती गरोदर असते. थोडासा रक्ताचा डाग गर्भ रुजताना पडू शकतो आणि त्यालाच पाळी समजलं जातं. नेहमीपेक्षा कमी आणि कमी दिवस गेलं असेल, तर तपासणी करून घ्या.

लघवीत साखर, मीठ किंवा टूथपेस्ट घालून फेस येतो का पाहण्याचे व्हिडिओ मोबाइलवर फिरत असतात. यातली एकही वस्तू एचसीजी ओळखत नाही. टूथपेस्टमधल्या खडूसारख्या पदार्थाचा आम्लधर्मी लघवीशी संबंध आला की फेस येतो, मग ती लघवी पुरुषाची का असेना. ब्लीच तर कधीच वापरू नका. लघवीत मिसळलं की विषारी वायू तयार होतो.

आमच्याकडे येताना

काही वर्षांपूर्वी आमच्या हातून एक चूक झाली. एक बाई दुपारी आल्या, लघवीची तपासणी केली, आम्ही "निगेटिव्ह" एवढंच लिहून रिपोर्ट दिला. शेवटच्या पाळीची तारीख विचारलीच नाही. त्या निश्चिंत झाल्या, पुढच्या आठवड्यात पाठदुखीसाठी त्यांनी एक्स-रे काढला, आणि नंतर कळलं की दिवस होते. सगळं सुखरूप पार पडलं, पण ते महिने त्यांनी फार काळजीत काढले. तेव्हापासून आम्ही तारीख विचारल्याशिवाय सॅम्पल घेत नाही आणि पाळी न आलेल्या प्रत्येकीच्या निगेटिव्ह रिपोर्टवर पुन्हा कधी तपासायचं तो दिवस लिहून देतो.

म्हणून येताना शेवटची पाळी कोणत्या तारखेला सुरू झाली ते आठवून या. मोबाइलमध्ये नोंद असेल तर तीच दाखवा. चालू औषधांची नावं सांगा. उत्तर ठरेपर्यंत दारू आणि धूम्रपान टाळा, एक्स-रे काढायचा असेल तर तिथे आधी सांगा. मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन सुरू असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. फिट्सची किंवा रक्तदाबाची औषधं मात्र मनाने बंद करू नका, डॉक्टर ती बदलून देतात. मूल हवं असेल तर रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड घ्यायला दिवस राहण्याची वाट पाहू नका.

रिपोर्ट आम्ही तुमच्याच हातात देतो. सोबत आलेल्या नातेवाइकांना, फोनवर चौकशी करणाऱ्यांना, अगदी नवऱ्यालाही, तुमच्या परवानगीशिवाय सांगत नाही. काउंटरवर बोलायला संकोच वाटत असेल तर "आत बोलायचं आहे" एवढंच म्हणा. आतल्या खोलीत आमच्या बाई तंत्रज्ञ तुमच्याशी बोलतील.