९८.६ आला कुठून?

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरला की बातमी सेल्सिअसमध्ये येते. त्याच घरात पोराचं अंग तापलं की आकडा फॅरनहाइटमध्ये सांगितला जातो: "एकशे एक आहे." हवा एका पट्टीवर आणि अंग दुसऱ्या पट्टीवर, ही सवय आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की कुणाला खटकतही नाही. पण '९८.६ म्हणजे नॉर्मल' हे वाक्य या दोन पट्ट्यांच्या सांध्यातच जन्मलं.

थर्मामीटरच्या आधी हात होता. कपाळाला, मग पोटाला उलटा हात लावायचा, आणि मराठीत त्याला पायऱ्याही होत्या: अंगात कसर आहे, कणकण आहे, ताप फणफणला, हुडहुडी भरली. जुन्या वैद्यकाचं लक्ष ताप किती यापेक्षा तो कधी येतो याकडे जास्त. सतत, अन्येद्युष्क, तृतीयक, चतुर्थक ही विषमज्वराची नावं तापाच्या वेळापत्रकावरूनच पडली; दिवसाआड येणारा तृतीयक म्हणजे बहुधा आजचा हिवताप. (मराठीत आपण विषमज्वर टायफॉइडला म्हणतो. ग्रंथातला शब्द आणि दवाखान्यातला शब्द इथे वेगळे झाले, म्हणून जुने उतारे वाचताना जरा जपून.)

फॅरनहाइटने १७१४ मध्ये पाऱ्याचा भरवशाचा थर्मामीटर केला आणि १७२४ मध्ये आपली पट्टी मांडली. तीत निरोगी माणसाच्या तोंडातली किंवा काखेतली ऊब त्याने ९६ वर धरली होती. पुढे पाण्याच्या उकळबिंदूला २१२ बांधून पट्टी पुन्हा आखली गेली आणि शरीर त्या ९६ वरून वर सरकलं.

आजचा आकडा मात्र जर्मनीतल्या लाइपझिगचा. कार्ल वुंडरलिश या डॉक्टरने १८६८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. सुमारे २५ हजार रुग्ण आणि दहा लाखांवर नोंदी, असा त्याचा दावा. मोजणी काखेत, थर्मामीटर जवळपास वीतभर लांब, आणि आकडा स्थिर व्हायला १५ ते २० मिनिटं. एवढ्या खटाटोपानंतर त्याने निरोगी शरीराचं तापमान ३७ अंश सेल्सिअस सांगितलं आणि ३८ पासून ताप धरला. दिवसभरात तापमान चढतं-उतरतं, हेही त्यानेच नोंदवलं. लोकांनी ३७ तेवढा उचलला आणि हा चढउतार विसरून गेले.

आता गणित करून पाहा. ३७ ला ९ ने गुणा, ५ ने भागा, ३२ मिळवा: ९८.६. मूळ आकडा पूर्णांकी, 'साधारण ३७' अशा बेताचा. त्याचं रूपांतर होताच दशांश चिन्ह आलं आणि दशांशामुळे तो काटेकोर वाटू लागला. १००.४ चंही तेच, तो ३८ चा फॅरनहाइट वेश आहे. ९८.८ दिसल्यावर घाबरणारी माणसं या गुणाकाराला घाबरतात.

वुंडरलिशचं अवजड यंत्र घरोघरी जाणं शक्यच नव्हतं. इंग्लंडमध्ये टॉमस क्लिफर्ड ऑलबट याने १८६६-६७ च्या सुमारास सहा इंची थर्मामीटर आणला, पाच मिनिटांत मोजणारा. पाऱ्याच्या नळीतली बारीक, चिमटलेली जागा पारा वर जाऊ देते, पण आपोआप खाली येऊ देत नाही. म्हणून तर आपण तो झटकतो. झटकून ९६ च्या खाली न आणता लावला की मागच्या माणसाचा ताप पुढच्याच्या नावावर लागतो. आणि उकळत्या पाण्यात धुतला की फुटलाच, कारण नळीत १०८ च्या पुढे पाऱ्याला जागाच नसते.

१९९२ मध्ये अमेरिकेत मॅकोवियाक आणि सहकाऱ्यांनी १८ ते ४० वयाच्या १४८ निरोगी लोकांच्या तोंडातल्या ७०० नोंदी घेतल्या. सरासरी आली ९८.२. नेमका ९८.६ दाखवणाऱ्या नोंदी जेमतेम ८ टक्के. पहाटे सहाच्या सुमारास तापमान सर्वांत कमी, दुपारी चार ते सहाच्या दरम्यान सर्वांत जास्त. निरोगीपणाची वरची हद्द सकाळी ९८.९ आणि संध्याकाळी ९९.९ निघाली. वुंडरलिशचा मानला जाणारा एक थर्मामीटर फिलाडेल्फियाच्या मटर संग्रहालयात आहे. तो तपासला तर दीड ते दोन अंश सेल्सिअस जास्तच दाखवत होता. म्हणजे सारा दोष यंत्राचा, असं वाटतं. पण २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या पावणेसात लाख नोंदी तपासल्या, तेव्हा जन्माच्या दर दशकामागे ०.०३ अंश सेल्सिअसची घट दिसली. शरीरंच थोडी थंड झाली असावीत. जुनाट संसर्ग कमी झाले हे त्याचं एक संभाव्य कारण.

तेव्हा संध्याकाळी ९९.४ हा ताप नव्हे, पण सकाळी सहाला ९९.४ असेल तर लक्ष ठेवा. पाळीच्या उत्तरार्धात बायकांचं तापमान अर्धा ते एक अंश फॅरनहाइट वर असतं. म्हाताऱ्या माणसांचं मुळातच कमी असतं, त्यामुळे एरवी ९७ असलेल्या आजींना ९९ असणं हाही ताप असू शकतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र १००.४ भरला की घरी वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टर.

काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा अर्धा ते एक अंशाने कमी येतो. टोक काखेच्या खोलगट भागात, घाम पुसून, दंड अंगाशी घट्ट धरून. डिजिटल थर्मामीटर वाजल्यावरही मिनिटभर राहू द्यावा. चहा घेतल्यावर जिभेखाली लावायचा तर पंधरा-वीस मिनिटं थांबावं. २०२० मध्ये नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांच्या फाटकावर कपाळाला बंदूक लावली जायची, ती कातडीचं तापमान बघते. थंडीत दुचाकीवरून आलेल्याचं कपाळ ९५ दाखवणार, मे महिन्यात उन्हातून आलेल्याचं भलतंच जास्त. दहा-पंधरा मिनिटं सावलीत बसवल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

उन्हाचा विषय निघालाच आहे, तर उष्माघात तापापासून वेगळा काढावा लागतो. तापात मेंदूच आपली पट्टी, म्हणजे अंग किती गरम ठेवायचं ती पातळी, वर सरकवतो, म्हणून १०२ कडे जाताना थंडी वाजते. पॅरासिटामॉल ती पट्टी खाली आणतं. उष्माघातात पट्टी जागेवरच असते, उष्णता बाहेर टाकायची सोय कोलमडलेली असते. १०४ च्या वर आणि माणूस बरळतोय, तर गोळीचा उपयोग शून्य. अंगावर पाणी, पंखा आणि थेट रुग्णालय.

पावसाळ्यानंतरच्या डेंग्यूत तर आकडा खाली आला की घरचे सुस्कारा सोडतात. ताप उतरतो त्याच दिवसापासून पुढचे २४ ते ४८ तास रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्याचा धोका असतो. थर्मामीटर ९८ दाखवत असताना पोट दुखणं, सारख्या उलट्या, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं यांकडे बघायचं असतं.